पाचटावर गेरू बसत नाही

गेल्या मंगळवारी नगरपालिकेच्या दवाखान्यातली परिचारिका घरोघर पाहणी करत आमच्या दारात आली आणि तिनं विचारलं, "घरात माणसं किती, सर?"

वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता मी म्हणालो, "चार."

मी, बायको, दोन मुलं. हिशेब चोख. घरातली माणसं कशी मोजायची हे मी गेली सोळा वर्षं वैद्यकीय कॉलेजातल्या मुलांना शिकवतो. त्याचा मला पगार मिळतो. चुकणार कसा?

"आन् मी?" मागून आवाज आला.

जिन्याच्या खालच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात पाय सोडून, आमच्या सासूबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या इंदापूरच्या बाजूच्या. दर वर्षी दिवाळी झाली की येतात, शिमग्याला परत जातात. "मी काय ह्या घरात हवा खाऊन ऱ्हाती का, जावईबापू?"

परिचारिका पदराआड हसली. आमच्याच केंद्रावर कधीतरी तिचं प्रशिक्षण झालेलं. "सर, एका चुलीवर जेवणारी सगळी माणसं मोजायची, असं तुमीच सांगितलं हुतं." मग माझी फार शोभा होऊ नये म्हणून तिनं कोरं कार्ड माझ्या हातात दिलं. "सवडीनं नीट भरून ठिवा. शनिवारी न्यायला येते." फाटकाच्या खांबावर गेरूनं आमचा नंबर आणि तारीख टाकून ती शेजारी गेली. कार्ड मी फ्रिजवर लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं.

"त्या काय, चार महिन्यांच्याच असतात ना," मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणालो.

बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे सगळे प्रकार मला वीस वर्षांत पाठ झाले आहेत. हा त्यातला वाईट प्रकार होता.

पण माझं मला ऐकू आलं ते वेगळंच. 'चार महिन्यांच्याच.' हे शब्द मी याआधीही उच्चारले होते, याच तोंडानं, अगदी याच सहजपणे. आणि तेव्हा ते ऐकणारं माणूस पायरीवर बसून शेंगा सोलत नव्हतं.

आमच्या बारामतीकडं हंगाम म्हटलं की कुणाच्या डोळ्यापुढं पावसाळा येत नाही. कारखान्याचं धुराडं येतं. एके दिवशी सकाळी भोंगा होतो आणि कळतं की गाळप सुरू झालं. दोन दिवसांत हवेला मळीचा वास येतो, गोड आणि कुजका. नवख्याला मळमळतं; आम्हाला मात्र तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. उसाचं वाळलेलं पान म्हणजे पाचट. फडात ते पेटवलं की त्याची काजळी उडत येते आणि दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर बरोब्बर कॉलरवर बसते. माळेगावच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या रांगा लागतात. मोठमोठ्यानं गाणी वाजवत ट्रॅक्टर जातात, मागं दोन ट्रॉल्या डुलत असतात. आणि गावाबाहेरच्या माळावर एका रात्रीत दुसरं गाव उगवतं. बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्यांचं गाव. बांबूच्या तट्ट्या वाकवायच्या, वर पाचट टाकायचं, की झाली कोपी. आत ओणवं होऊन जायचं. पुढं तीन दगडांची चूल.

या वर्षीही भोंगा झाला. सहा वर्षांपूर्वीचा हंगाम त्याच्याबरोबर आला.

तो ब्याण्णवचा हिवाळा. कॉलेजचं ग्रामीण आरोग्य केंद्र कोऱ्हाळ्याच्या पुढं एका गावात होतं आणि त्याचा प्रमुख मी. गावाचं नाव सांगत नाही. गावाची काही चूक नव्हती. डॉक्टरीची परीक्षा झालेली पोरं-पोरी पुण्याहून दोन-दोन महिन्यांसाठी माझ्याकडं यायची. पांढरेशुभ्र बूट घालून यायची आणि बैल दिसला की एकमेकांच्या मागं लपायची. मी त्यांना जीपमधून गाव दाखवायचो. किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत, "दवाखान्यात बसून आजार दिसतात, आरोग्य दिसत नाही," असली वाक्यं टाकायचो. हे वाक्य मला फार आवडायचं. मुली ते वहीत लिहून घ्यायच्या, त्यामुळे आणखीच आवडायचं.

पहिल्या दिवसाचा पाठ ठरलेला. कुटुंब म्हणजे काय? एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. नातं विचारू नका, जात विचारू नका, घर कुणाच्या नावावर आहे ते विचारू नका. चूल मोजा. हे मी असं सांगायचो की जणू चुलीचा शोध मीच लावला.

प्रत्यक्षात आम्ही भिंती मोजायचो.

म्हणजे असं. केंद्रावर तात्या नावाचे जुने आरोग्यसेवक होते. धोतर, टोपी, सायकल, आणि सायकलच्या हँडलला गेरूचा डबा. गावातल्या प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर ते ब्रशनं नंबर टाकत आणि दर फेरीला खाली तारीख. भिंतीवरचा नंबर वहीत, वहीतलं नाव लशीच्या यादीत. तात्यांचं अक्षर मोत्यासारखं. गावात एक भिंत त्यांनी सोडली नव्हती; एका घरात गुरंच बांधलेली होती, त्यालाही नंबर होता.

त्या वर्षी जानेवारीत वरून पाहुणे येणार होते, आमचं काम बघायला. कुणी सांगितलं नसतानाही मी ठरवून टाकलं की आपल्या गावातल्या प्रत्येक मुलाला लस मिळालेली असली पाहिजे आणि तसा फलक बाहेर लागला पाहिजे. शंभर टक्के. मी स्वतः गावाचा नकाशा काढला. चार ड्रॉइंग पेपर जोडून, मुलांचे स्केचपेन घेऊन, आठ दिवस. देऊळ, शाळा, पाणवठा, घराघराचे चौकोन, त्यात इवलेसे नंबर. माझा मुलगा विचारायचा, बाबा, तुम्हाला पण चित्रकलेची परीक्षा आहे का? उजव्या अंगाला, शाळेच्या मागं, माळ होता तिथं कागद मोकळाच राहिला. मोकळं बरं दिसेना. मी तिथं उत्तर दिशा दाखवणारा एक मोठा, नक्षीदार बाण काढला आणि शेजारी दोन झाडं.

त्या माळावर एकही झाड नव्हतं. कोप्या होत्या.

त्या तुकडीत सुजाता नावाची मुलगी होती. इंदापूर तालुक्यातल्या, लोणी देवकरच्या जवळच्या एका गावची. वडील प्राथमिक शिक्षक. पायात साध्या चपला, बैलाला न घाबरणारी. बाकीची मंडळी संध्याकाळी कॅरम खेळायची तेव्हा ही वही घेऊन कुठंतरी जायची. एके दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, शाळेमागच्या माळावर चुली मोजल्या. एकतीस आहेत."

मी नकाशातल्या ओढ्याला निळा रंग देत होतो. तात्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"त्येंला नंबर कुठं टाकायचा, बाई?" तात्या म्हणाले. "पाचटावर गेरू बसत न्हाय."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. तोंड उघडं टाकून, मान मागं करून हसलो होतो.

सुजाता हसली नाही. "पण सर, चूल म्हणजे कुटुंब, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"ते परीक्षेत लिहा," मी म्हणालो. "ही माणसं चार महिन्यांचीच. त्यांची नोंद त्यांच्या गावाला असते."

असते की नाही, मी कधी बघायला गेलो नव्हतो. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत ज्या गावात माणूस नसतंच, त्या गावच्या वहीवरून त्याच्या पोराला गोवराची लस कोण टोचणार, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. पडला असेल, मी तो बाणाखाली दाबला.

बुधवारी शाळेच्या पडवीत लसीकरण असायचं. बर्फाचा निळा डबा, सतरंजी, आयांच्या मांडीवर भोकाड पसरलेली पोरं. गोवराच्या लशीची एक बाटली पाच मुलांची. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. हाही माझाच पाठ. त्या बुधवारी यादीतली शेवटची दोन मुलं आली, बाटली फोडली, दोघांना टोचलं. शंभर टक्के पूर्ण झाले. मी सुस्कारा टाकून चहा मागवला.

तेवढ्यात पडवीच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर उसाची कुसळं, हातांवर ओरखडे, डोक्याला फडकं. कडेवर पोरगी, दीड-दोन वर्षांची. पोरगी त्या निळ्या डब्याकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. चांगले टपोरे डोळे होते. दोन्ही.

"नाव काय?" तात्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

"रंजना."

"घर नंबर?"

बाईनं मागं माळाकडं हात केला.

तात्यांनी यादी वरून खाली बघितली, पाठपोट बघितली. माणूस वाईट नव्हता, कुठं सापडतंय का ते खरंच बघत होता. "न्हाय बाई हितं नाव." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. आडवी.

एवढंच. ओरडलो नाही, हाकललं नाही. बाई थोडी थांबली, पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली.

"सर, तीन डोस उरलेत," सुजाता हळू आवाजात म्हणाली. "बोलवू का त्यांना? नाहीतर टाकूनच द्यायचेत."

"एकीला दिलं की तीस येतील. दिलं की नोंदवावं लागेल, नोंदवलं की मोजावं लागेल," मी म्हणालो. "पाहुणे जाऊ देत. मग बघू."

उरलेली लस तात्यांनी बादलीत ओतली. चहा छान झाला होता. आलं घातलेला.

पाहुणे आले. नारळ, हार, गुळाची चिक्की. नकाशापुढं उभं राहून मी पट्टीनं एकेक घर दाखवलं. त्यांतले एक वयस्क गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, अशी सुबक उत्तर दिशा मी आजवर पाहिली नाही. मग आम्ही शाळेच्या ओसरीवर आलो. चारचा सुमार. फडावरून परतलेल्या बायकांनी चुली पेटवल्या होत्या आणि माळावरून धुराच्या बारीक बारीक रेषा वर चालल्या होत्या. मोजल्या असत्या तर एकतीस भरल्या असत्या.

"तिकडं धूर कसला?" त्यांनी विचारलं.

"पाचट जाळतात, सर," मी म्हणालो.

माझ्यामागं सुजाता उभी होती. मी वळलो नाही, पण ती उभी आहे हे माझ्या मानेला कळत होतं.

'मग बघू' म्हणालो होतो. मग पाहुण्यांचं आभाराचं पत्र आलं, ते चौकटीत बसवायचं होतं. मग माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं. तीन आठवडे गेले.

एका संध्याकाळी सुजाता धापा टाकत आली. "सर, पाच कोप्यांना कडुलिंबाचे डहाळे लावलेत."

आमच्याकडं गोवर आला की दाराला लिंबाचा डहाळा लावतात. पाचटावर गेरू बसत नव्हता; डहाळा छान बसत होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी त्या माळावर पायी गेलो. शाळेच्या मागच्या भिंतीपासून दीडशे पावलं. मी मोजली, सवय आहे. पहिल्या डहाळ्याखालून ओणवा होऊन आत शिरलो, तर अंधारात गोधडीवर तीच पोरगी होती. ताप, अंगभर पुरळ, आणि डोळे मिटलेले. मी बॅटरी लावून पापणी उघडली. ती उघडायला नको होती असं मला वाटलं. डाव्या बुबुळावर पांढरं आलं होतं.

आईचं नाव कांताबाई. ती चुलीपाशी बसून होती. "परवापासनं उजेड सोसना तिला," ती म्हणाली. "लिंबाच्या पाण्यानं पुसती मी."

अ जीवनसत्त्वाचा डोस होता माझ्याकडं. बाटल्याच्या बाटल्या होत्या केंद्रावर, यादीतल्या मुलांसाठी. तिथल्या तिथं पाजला. मग जीप काढली. टोळीचा मुकादम म्हणाला, "सायेब, पोरीला न्या, पर नवराबायको दोघंबी नगा नेऊ. कोयत्याची जोडी मोडली तर गाडी भरत न्हाय." म्हणून बाप फडावर राहिला आणि कांताबाई एकटी पोरीला पदरात घेऊन मागं बसली. सुजाता तिच्या शेजारी. बारामतीच्या मोठ्या दवाखान्याची वाट धरली. समोरून उसाच्या गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडीला जीप रस्त्याच्या कडेला घ्यावी लागत होती आणि दर वेळी मला वाटत होतं, ही माझ्याचसाठी आडवी येतेय.

उजवा डोळा वाचला. डावा गेला.

दहा दिवसांनी मी तिला परत आणायला गेलो. माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी डॉक्टरसारखा बोलत राहिलो. हे औषध द्या, ते खाऊ घाला, पपई द्या, शेवग्याचा पाला द्या. कांताबाई सगळ्याला व्हय, व्हय म्हणत होती. शेवटी मीच विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना. "त्या दिवशी शाळेत आला होतात ना तुम्ही?"

"व्हय की. तुमी हुताच की खुर्चीवर." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. "आमचं घरच न्हाय हितं, सायेब. तुमी तरी कुठं लिवणार?"

तिनं माझी बाजू घेतली. माझ्या नोकरीत माझ्यावर ताशेरे आले, चौकशा झाल्या, एकदा बदलीही झाली. पण असं कुणी मला मारलेलं नाही.

परतताना सुजाता पुढं बसली होती. कांताबाईला कोपीपाशी सोडल्यावर ती म्हणाली, "आमच्या गावातही पाहणीवाले वेशीपर्यंतच यायचे, सर. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या पलीकडं. वेळ उरला तर येतो म्हणायचे. माझे वडील वस्तीतल्या सगळ्या पोरांची नावं, जन्मतारखा वहीत लिहून ठेवायचे. कधी कुणी आलंच, तर आपल्याकडून उशीर नको म्हणून."

मग तिनं मांडीवरची वही माझ्यापुढं केली. एकतीस चुली, प्रत्येकीखाली नावं. वय, गाव, परत जायचा महिना. रंजनाचं नाव सातव्या पानावर होतं. पानावर तारीख होती ती मी उत्तर दिशेचा बाण काढत होतो त्या आठवड्यातली.

पुढच्या वर्षीपासून आम्ही कोप्या मोजू लागलो. लशीचं कार्ड आईच्या हातात द्यायचं, म्हणजे ते तिच्याबरोबर गावाला जाईल आणि परत येईल. ही कल्पना सुजाताची. ती नावाजली गेली. एका परिषदेत मी ती मांडली, टाळ्या पडल्या, आणि अहवालात खाली नाव माझं छापून आलं. दुरुस्तीचं पत्र लिहायचं होतं. मग बघू म्हटलं.

कांताबाईची टोळी पुन्हा इकडं आली नाही. कोणत्या कारखान्याला गेली, मुकादमालाच ठाऊक. पोरगी आता आठ वर्षांची असेल. उजव्या डोळ्यानं वाचत असेल, शाळेत असली तर. हंगामात आईबापाबरोबर फिरणाऱ्या पोरांची शाळा कुठं असते, तेही मी विचारलं नव्हतं.

आणि गंमत बघा, ही हकीकत मी दर तुकडीला सांगतो. अगदी रंगवून. पोरींच्या डोळ्यांत पाणी येतं. 'एका केंद्रावर एक डॉक्टर होता' अशी सुरुवात करतो. तो डॉक्टर कसा आकड्यांच्या मागं लागला, त्यानं कशी मान हलवली. मानही हलवून दाखवतो. शेवटी विचारतो, या डॉक्टरचं काय चुकलं? पोरं तावातावानं त्याला धुऊन काढतात आणि मी त्यांच्या बाजूनं मान डोलावतो. कुणाला म्हणून संशय येत नाही. मी दिसतोच तसा सज्जन.

मागच्या महिन्यात सुजाता आली होती. आता ती इंदापूरकडं एका आरोग्य केंद्राची प्रमुख आहे, माळावरच्या कोप्यांची वही तिच्या टेबलावर गावाच्या वहीच्या वर असते. मीच तिला मुलांशी बोलायला बोलावलं होतं. तिच्याआधी माझं व्याख्यान होतं आणि ती मागच्या बाकावर बसून ऐकत होती. सवयीनं माझ्या तोंडून तीच हकीकत निघाली. 'एक डॉक्टर होता.' निम्म्यावर आल्यावर ती मागं बसलीय हे लक्षात आलं, पण गाडी उताराला लागली होती.

नंतर तिनं माझ्याबरोबर चहा घेतला. मग बशी खाली ठेवत म्हणाली, "गोष्ट चांगली सांगता, सर. त्या डॉक्टरचं नाव मात्र विसरता."

घर नंबर? नाव न्हाय हितं. त्या डॉक्टरलाही मी यादीतून वगळलंच होतं की.

म्हणून हे लिहायला बसलो. मंगळवारपासून रोज सकाळी थोडं थोडं. खोडलं, पुन्हा लिहिलं. दोनदा माझा रुमाल ओला झाला हेही सांगून टाकतो, लपवण्यात आता अर्थ नाही. 'एक डॉक्टर' जिथं जिथं आला तिथं तिथं 'मी' केलं. काल संध्याकाळी पूर्ण झालं आणि बायकोच्या हातात दिलं. ती खुर्ची ओढून, चष्मा लावून वाचू लागली. सासूबाई पायरीवर वाटाणे सोलत होत्या, कारखान्याचा भोंगा झाला. मी उगीच फुलझाडांना पाणी घालत तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. शेवटचं पान वाचून झाल्यावर तिनं कागद जुळवले, चष्मा काढला आणि त्यावर बसलेली काजळी पदरानं पुसली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. हलकं वाटेल असं.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "त्या कार्डावर आईचं नाव घातलंत का? उद्या शनिवार आहे."